रेंजचा दगड

आमच्या आक्काच्या गावी एक दगड आहे. त्याला शेंदूर नाही, त्याला कोणी नवसही बोलत नाही. तरी दिवसातून दहा-वीस माणसे त्याच्यावर चढून भक्तिभावाने उभी राहतात, उजवा हात आभाळाकडे करतात आणि पुष्कळदा तोंड वाकडे करून खाली उतरतात. बामणोलीहून लाँचने शिवसागराचे पाणी ओलांडले म्हणजे पलीकडच्या काठावर हे गाव लागते. कोयनेच्या धरणाने खालची वस्ती बुडाली तेव्हा ती वर सरकली. त्यामुळे घरे डोंगराच्या कुशीत आली आणि कुशीत आल्यामुळे मोबाइलच्या मनोऱ्याची नजर त्यांच्यावर पडत नाही. ती पडते फक्त या दगडावर. गावात त्याला 'रेंजचा दगड' म्हणतात. आमच्या भाषेने 'भ्रमणध्वनी' असा भारदस्त शब्द घडवला खरा. पण या गावात ध्वनी एका जागी बसलेला असतो आणि भ्रमण माणसांना करावे लागते.

मागल्या भाऊबीजेला मी तेथे गेलो, तेव्हा माझ्याबरोबर आक्काची मुलगी, म्हणजे माझी भाची होती. पुण्यात ती एका कंपनीत अ‍ॅप तपासण्याचे काम करते. लाडवांचा डबा माझ्याजवळ होता आणि तिच्या पिशवीत सात फोन होते. नवे दोन, बाकीचे जुनेपुराणे. एकाची काच तडकलेली, एकाची बॅटरी दोन तासांत मान टाकणारी, एकात जागाच उरलेली नाही इतका चित्रांनी भरलेला. मी विचारले, "अगं, हे कुणाचं भंगार गोळा करून चाललीस?"

"मुद्दाम घेतलेत, मामा," ती म्हणाली. "पुण्यात टेबलावर सगळं चालतं. इथं चालतं का, ते बघायचंय."

मी एकतीस वर्षे साताऱ्याच्या शाळेत इतिहास शिकवला. कोणी नवे काही सांगितले की ते पूर्वी कुठे झाले होते ते आठवल्याशिवाय मला चैन पडत नाही. हा आमच्या धंद्यातला खोडसाळ रोग आहे. लाँच निघाली, धुके पाण्यावर बसले होते, आणि मला एका सुताराच्या पोराची आठवण झाली.

अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांची जहाजे भर समुद्रात आपण पूर्व-पश्चिम कोठे आहोत हे न समजल्यामुळे खडकांवर फुटत. १७०७ साली सिली बेटांपाशी एका आरमारी काफिल्यातली काही जहाजे अशीच बुडाली. पुढे १७१४ साली पार्लमेंटने वीस हजार पौंडांचे बक्षीस लावले. बंदराची वेळ बिनचूक सांगणारे घड्याळ जहाजावर असले तर हिशेब सोपा होता. पण न्यूटनने पार्लमेंटपुढे सांगितले की जहाजाचे हेलकावे, उष्णता व थंडी, दमटपणा व कोरडेपणा, आणि निरनिराळ्या अक्षांशांवर बदलणारे गुरुत्वाकर्षण यांमुळे असे घड्याळ अजून झालेले नाही. जॉन हॅरिसन या स्वयंशिक्षित माणसाने आपले पहिले घड्याळ १७३६ साली लिस्बनच्या सफरीवर नेले. स्वारीला समुद्र भयंकर लागला, घड्याळाला मात्र नाही. परतताना किनारा दिसला तेव्हा खलाशी त्याला 'स्टार्ट' म्हणत होते, हॅरिसन म्हणाला हा 'लिझर्ड' आहे. आणि सुमारे साठ मैलांचा फरक घड्याळाच्या बाजूने निघाला. १७६१ च्या नोव्हेंबरात त्याचा मुलगा चौथे घड्याळ घेऊन जमेकाला निघाला. तेथे पोचल्यावर एक्याऐंशी दिवसांच्या प्रवासात ते पाच सेकंद मागे पडल्याचे ठरले. मंडळ म्हणाले, हा योगायोग असेल, पुन्हा जा. १७६४ साली बार्बाडोसला पुन्हा जावे लागले.

पण या कथेतला मला सर्वांत आवडणारा भाग शेवटचा. १७७२ साली तिसऱ्या जॉर्ज राजाने हॅरिसनचे पाचवे घड्याळ आपल्या वेधशाळेत तपासावयास घेतले, तर ते आरंभीचे काही दिवस वेड्यासारखे चालू लागले. सगळे गोंधळले. मग, असे सांगतात, राजाला आठवले की जवळच्या कपाटात आपण लोहचुंबक ठेवले आहेत. ते हलवले आणि घड्याळ शहाणे झाले. समुद्रावर जे बिघडले नाही ते राजवाड्यातल्या कपाटाने बिघडवले.

भाचीला हे सांगितले तेव्हा ती हसली नाही. तिने पिशवीतून वही काढली आणि न्यूटनची यादी उतरून घेतली. "माझी पण अशीच आहे," म्हणाली. मी तिची वही पाहिली. काचेवर पावसाचे थेंब पडले असता बोटाचा स्पर्श समजतो की नाही. उन्हात अक्षरे दिसतात की नाही. पैसे पाठवताना मध्येच कोणाचा फोन आला तर. घाटात एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे जाताना. बॅटरी पाच टक्क्यांवर आली म्हणजे फोन आपण होऊन कोणकोणती कामे बंद पाडतो. मराठी अक्षरांचे काने-मात्रे बटणाच्या चौकटीबाहेर जाऊन तुटतात का. गुप्त आकडा देणारा संदेश दहा मिनिटांनी आला तर. भांडी घासून झिजलेल्या अंगठ्याचा ठसा. या शेवटच्या ओळीखाली तिने दोन रेघा मारल्या होत्या. त्या का, हे मला ठाऊक होते. ते पुढे येईलच.

अ‍ॅपची अशी गावोगाव परीक्षा घ्यावयाची कल्पना कोठून आली याचा मी नंतर पुष्कळ शोध घेतला. आपण समजतो की या विद्येची सारी तीर्थे अमेरिकेत आहेत. मला जे सर्वांत नमुनेदार प्रकरण सापडले ते मात्र केनियातले, आणि त्यात अमेरिका नाहीच.

या प्रकरणाचे नावच आपल्याला घरचे वाटेल: 'एम-पेसा'. 'एम' म्हणजे मोबाइल आणि 'पेसा' म्हणजे स्वाहिली भाषेत पैसा. बहुतेकांच्या मते हा शब्द हिंदुस्थानातून तिकडे गेला. त्यात आश्चर्य नाही. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत १९२० सालापर्यंत नाणे रुपयाचेच चालत असे. शब्द तेथे राहिला आणि शंभर वर्षांनी फोनच्या पडद्यावर चढून परत आपल्याकडे आला.

झाले असे. व्होडाफोन या ब्रिटिश कंपनीतील निक ह्यूज यांनी ब्रिटिश सरकारच्या परदेश-विकास खात्याकडून जवळजवळ दहा लक्ष पौंडांचे साहाय्य मिळवले. मूळ बेत साधा होता: छोटी कर्जे घेणाऱ्या गरीब लोकांनी आपले हप्ते फोनवरून भरावेत. नैरोबीत 'फाउलू केनिया' नावाची अशी कर्जे देणारी संस्था होती. तिचे कर्जदार गटागटाने बैठकीला जमत, हप्ता रोख भरत, आणि एकाने चुकवला तर बाकीच्यांनी भरून काढावा असा रिवाज होता. आपल्या बचतगटांची आठवण व्हावी असेच ते सारे. या कामावर सूझी लोनी या बाई २००५ साली इंग्लंडहून केनियात गेल्या. तेथली मोबाइल कंपनी सफारीकॉम त्यांच्या जोडीला होती.

अ‍ॅप म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे चकचकीत चित्रे येतात. हे अ‍ॅप तसले नव्हते. ते फोनमध्ये नसून सिमकार्डाच्या चिमुकल्या तुकड्यात बसवलेले होते आणि इंटरनेटशिवाय, साध्या एसएमएसच्या वाटेने बोलत असे. म्हणून ते स्वस्तातल्या स्वस्त फोनवरही चाले. त्याचे कारण व्यवहाराचे होते: जो फोन गिऱ्हाइकाच्या हातात आहे त्याच्यावरच धंदा करावयाचा, आपल्या टेबलावर आहे त्याच्यावर नव्हे. रोख पैसे घेणारा व देणारा म्हणून बोलण्याची मिनिटे विकणारा कोपऱ्यावरचा दुकानदार नेमला. आणि ऑक्टोबर २००५ मध्ये परीक्षा सुरू झाली. किती मोठी? आठ दुकाने आणि पाचशेहून कमी गिऱ्हाइके. नैरोबीचा मध्यभाग, मथारे ही गरिबांची वस्ती, आणि थिका हे बाजाराचे गाव. मे २००६ मध्ये ती आटोपली.

आता यात यंत्राच्या परीक्षेपुरते पाहिले तर फारसे नवल नाही. लोकांना शिकवावयास वेळ लागला, गुप्त आकड्याची कल्पना गळी उतरवावी लागली, फाउलूच्या हिशेबाच्या पद्धतीशी नव्या यंत्रणेचा मेळ बसेना आणि खातेवह्या हातांनी जुळवाव्या लागल्या. बैठकीचेही अवघड झाले. हप्ता फोनवरून भरता येतो म्हटल्यावर माणूस बैठकीला येईना. आणि बैठक मोडली तर एकमेकांच्या जामिनीवर चाललेले कर्जच डगमगू लागते. मूळ बेताला हा मोठाच धक्का होता.

परंतु खरी मौज दुसरीकडे चालली होती. ह्यूज आणि लोनी यांनी २००७ साली एक लेख लिहून ती प्रामाणिकपणे सांगितली आहे. हप्त्यासाठी दिलेले हे साधन लोकांनी भलत्याच कामांना लावले. बँका लवकर बंद होतात आणि बाजार उशिरापर्यंत चालतो, म्हणून दिवसाचा गल्ला रात्रीपुरता फोनमध्ये ठेवणारे व्यापारी निघाले. वाटेत लुटारूंचे भय, म्हणून एका गावी रोख भरून काही तासांनी दुसऱ्या गावी पोचल्यावर तीच काढून घेणारे प्रवासी निघाले. कोणी दुसऱ्याच्या कर्जाचा हप्ता भरून मोबदल्यात काम करून घेऊ लागले. कोणी गावाकडच्या नातेवाइकांच्या फोनवर बोलण्याची मिनिटे विकत घेऊन पाठवू लागले. म्हणजे पैसाच पाठवू लागले, फक्त त्याला मिनिटांचे सोंग देऊन. यांपैकी एकही उपयोग योजनेच्या कागदावर नव्हता.

माझ्या मते या साऱ्या इतिहासातला मोठेपणा येथे आहे. शाळेत इतकी वर्षे काढल्यावर मला ठाऊक आहे की परीक्षकाच्या हातून एक पाप नेहमी घडते: अपेक्षित उत्तर नसले की तो शून्य देतो. या मंडळींनी तसे केले नाही. कर्जाचा बेत बाजूला ठेवला, यंत्रणा माणसाने माणसाला पैसे पाठवण्यासाठी नव्याने रचली, आणि ६ मार्च २००७ रोजी ती साऱ्या केनियासाठी खुली केली. तिची जाहिरात तीन शब्दांची होती. अर्थ एवढाच की, पैसे घरी पाठवा. वर्ष संपायच्या आत दहा लाखांहून अधिक लोक तिच्यात आले. पुढे १९०७ च्या नव्हे, २००७ च्या (शतकाची चूक ही माझी जुनी खोड) निवडणुकीनंतर केनियात दंगली उसळल्या, रस्ते बंद झाले, माणसे जागच्या जागी अडकली, तेव्हा त्यांना पैसे आणि बोलण्याची मिनिटे पाठवण्याची वाट याच यंत्रणेने उघडी ठेवली.

पैसे घरी पाठवा! हे वाचले तेव्हा मला नैरोबी दिसलीच नाही. मला परळ-लालबागच्या चाळी दिसल्या. आमच्या या डोंगरातल्या आणि खालच्या कोकणातल्या किती पिढ्या मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनिऑर्डरीवर जगल्या! १८८० साली आपल्याकडे टपालखात्याने मनिऑर्डर सुरू केली आणि जुन्या पद्धतीची ती कागदी मनिऑर्डर २०१५ साली बंद झाली. माझे वडील मुंबईहून पाठवीत. पोस्टमन ओट्यावर बसे, नोटा मोजून देई, आणि आईचा अंगठा घेऊन फॉर्माचा एक तुकडा परत नेई. तो तुकडा मुंबईला वडिलांच्या हाती पडला की पैसे पोचले. पडला नाही तोवर ते दुसरी मनिऑर्डर करीत नसत, चौकशी करीत. या पोचपावतीच्या तुकड्यात सारे शहाणपण होते, हे मला पुढे भाचीने समजावून दिले.

केनियाचे यश पाहून इतरांनाही हुरूप आला, आणि इतिहासाच्या शिक्षकाला रुचेल असाच शेवट झाला. तेच यंत्र २०१० साली दक्षिण आफ्रिकेत नेले. ते तेथे मूळ धरीना आणि २०१६ साली बंद केले. आपल्याकडे २०१३ साली आणले, २०१९ साली गुंडाळले. दक्षिण आफ्रिकेत पुष्कळांची बँकेत खाती होतीच. आपल्याकडे नियम निराळे, बँकांचा संबंध निराळा, आणि २०१६ साली यूपीआय आल्यावर तर वाटच बदलली. यंत्रात बिघाड कोठेच नव्हता. पण नैरोबीच्या आठ दुकानांत जे उत्तर मिळाले ते नैरोबीपुरते खरे होते.

अमेरिकेतील मंडळींना हा धडा जरा उशिरा मिळाला. २०१३ साली फेसबुकचे काही अधिकारी आफ्रिकेत गेले. तेथेच मिळणारे फोन विकत घेतले, आपलेच अ‍ॅप त्यांवर चालवून पाहिले. क्षणात येणारी आणि क्षणात जाणारी रेंज, फोनांत अपुरी स्मरणशक्ती. अ‍ॅप रखडे आणि पुन्हा पुन्हा कोसळे. महिन्याभरासाठी घेतलेला डेटा चाळीस मिनिटांत संपला. ज्यांनी ते बनवले त्यांनाच ते परवडेना! परत जाऊन त्यांनी डेटाचा खर्च आणि सुरू होण्याचा वेळ निम्म्यावर आणला. २०१५ च्या ऑक्टोबरात त्यांनी कचेरीत एक व्रतही काढले: दर मंगळवारी, इच्छा असेल त्याने तासभर मुद्दाम मंद केलेल्या जाळ्यावर अ‍ॅप वापरावयाचे, म्हणजे टूजीवाल्याचे दुःख समजेल. आपल्याकडे मंगळवारी उपास करतात तसेच म्हणा; फक्त आपला दिवसभराचा असतो. ऑरेगन राज्यातील प्राइनव्हिल येथे त्यांनी सुमारे दोन हजार फोन मांडण्यांवर बसवून ठेवले आहेत असे २०१६ साली त्यांनीच सांगितले. अ‍ॅपमध्ये कोणी ओळ बदलली की ती या फोनांवर चालवून पाहावयाची. एकाच्या लहरींचा दुसऱ्याला उपद्रव होऊ नये म्हणून मांडण्यांना आवरण घातलेले. राजाच्या कपाटातला लोहचुंबक ते विसरले नव्हते. काम मोठे आणि उपयुक्त, यात शंका नाही. तरी त्या दोन हजारांपैकी एकाही फोनला तेथे पाऊस लागत नाही, आणि कोणाचे बोट थरथरत नाही.

आता आक्काचे सांगतो. तिला फोन मीच घेऊन दिला आणि पैसे पाठवावयास मीच शिकवले, म्हणून हे सांगणे माझ्याकडे लागते. दोन वर्षांमागे श्रावणात तिने युरियाच्या पिशव्या मागवल्या होत्या. दुकानदाराचे १,८४० रुपये द्यावयाचे होते. ती भर पावसात छत्री घेऊन दगडावर चढली, आकडा टाकला, बटण दाबले. पडद्यावर चाक फिरू लागले, बराच वेळ फिरले, आणि अक्षरे उमटली: काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा. आक्का आज्ञाधारक बाई. तिने पुन्हा प्रयत्न केला. खात्यातून १,८४० रुपये दोनदा गेले. दुकानदाराला एकदाच मिळाले. खात्यात होते चार हजार. उरलेल्या तीनशे वीस रुपयांत तिने घर चालवले. अडकलेली रक्कम एकोणीस दिवसांनी परत आली. त्या अवधीत रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या, त्या तिने आणल्या नाहीत, कोणाला सांगितलेही नाही. पाणंदीत चक्कर येऊन पडली तेव्हा आम्हाला कळले.

मी संतापून कंपनीला शिव्या मोजू लागलो, तेव्हा आक्का म्हणाली, "तसं न्हवं बाळ, माझंच बोट चुकलं आसंल. अंगठ्याला आता काय राहिलंय?"

हे वाक्य भाचीच्या वहीत त्या दोन रेघांच्या खाली आहे. ते अ‍ॅप तिच्या कंपनीचे नव्हते. पण त्या वर्षापासून ती दर दिवाळीत फोन घेऊन येथे येऊ लागली.

लाँचमधून उतरून चढ चढताना तिने मला त्या चुकीचे वर्म सांगितले. आक्काचा पहिला निरोप पोचला होता. पैसे खात्यातून निघालेही होते. पुढे वाटेत कोठे तरी अडकले, आणि 'निघाले' ही खबर दगडापर्यंत परत येताना रेंज गेली. यंत्राला दोनच शब्द शिकवलेले: झाले आणि फसले. उत्तर आले नाही, म्हणून ते 'फसले' म्हणाले. वास्तविक तिसरे उत्तर हवे होते: अजून कळलेले नाही. "तुझ्या आजोबांचा पावतीचा तुकडा आला नाही, तर ते काय म्हणत?" मी मध्येच बोललो. "म्हणत, थांबा, चौकशी करू."

"तेच," ती म्हणाली. "आणि दुसरं म्हणजे, बटण दाबायच्या आधीच त्या देण्याला एक नंबर द्यायचा. माणसानं दहादा दाबलं तरी नंबर तोच. वरच्या यंत्रानं ओळखायचं, की हे आधीचंच आहे, नवीन नाही. पुण्यात टेबलावर ही चूक कधी दिसतच नाही मामा, कारण तिथं उत्तर लगेच येतं. चाक फिरलं तरच चूक सापडते."

मी विचारले, कचेरीत जाळे मुद्दाम मंद करता येते ना? येते, म्हणाली, रोज करतात. पण मंद करणे निराळे आणि दगडावर उभे राहणे निराळे. कृत्रिम मंदपणा एका चालीने मंद असतो. दगडावरची रेंज वाऱ्याने येते, जाते, माणसाने अंग वळवले तर पडते. आणि मुख्य म्हणजे येथे माणूस घाबरलेला असतो, त्याच्या मागे आणखी तिघे रांगेत असतात, आणि घाबरलेला माणूस दोनदा दाबतो.

ओवाळणी झाली. ताटात मी रोख नोट टाकली. या बाबतीत मी सनातनी आहे. मग आम्ही तिघे दगडाकडे गेलो. भाचीने पिशवी उघडून सात फोन आईच्या पदरात ओळीने मांडले आणि तडकलेल्या काचेचा उचलून तिच्या हातात दिला.

"आई, मामाला एक रुपया पाठव."

"फुकट कशाला?" आक्का म्हणाली, पण चढली. मुलीने तिला धरले नाही. धरावयाचे नसते असे दिसले; वही घेऊन ती खाली उभी राहिली. आक्काने पदराला अंगठा पुसला, दाबला. चाक फिरू लागले. धुके अजून पुरते उठले नव्हते. आक्काने हात उंच केला, मग डावीकडे झुकली, जशी सारे गाव झुकते. चाक फिरतच होते. तिचा अंगठा पुन्हा बटणाकडे गेला आणि मला माझ्याच छातीत धडधड ऐकू आली. तेवढ्यात चाक थांबले. आक्काने फोन डोळ्यांशी नेला आणि एकेक अक्षर लावीत मोठ्याने वाचले: "तुमचे पैसे वाटेत आहेत. अजून पोचल्याचे कळले नाही. पुन्हा दाबू नका."

"मग दाबू नको?" तिने विचारले.

"तुला काय वाटतं?"

"नगं म्हणतंय तर नगं." मग तिने आणखी एकदा ते वाचले. "ह्ये बरं हाय. सरळ सांगतंय."

माझ्या खिशातला फोन वाजला नाही. माझा फोन घरी, कोनाड्यात होता. रुपया आला की नाही हे पाहावयास मला संध्याकाळी दगडावर यावे लागले, तेव्हा तो आलेला होता. एकच.

सातही फोन होईपर्यंत दुपार झाली. दोन फोनांवर मराठी अक्षरे तुटली, एक मध्येच बंद पडला, आणि जुन्यात जुना सर्वांत चांगला चालला. भाची सारे लिहून घेत होती. आक्का उतरून माझ्या शेजारी धापा टाकीत बसली आणि वहीकडे बोट करून म्हणाली, "लिव्हलंस का गं, की म्हाताऱ्या माणसाला इथं उभं ऱ्हावत न्हाई?"

भाचीने पान उलटले आणि चौदाव्या आकड्यापुढे ते लिहिले.